चार वर्षं डिझाइन ऑफिसात काढल्यावर स्ट्रक्चरमध्ये एम.टेक. करावं का?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी,

मी सिव्हिल इंजिनिअर, वय २६. गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग. चार वर्षं झाली, पुण्यात एका लहान स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे डिझाइनचं काम करते. हातात ३८ हजार पडतात. काम मनापासून आवडतं, ते सोडायचा विचार अजिबात नाही.

नुसतं "एम.टेक. करू का" विचारलं तर उत्तरंही मोघम येतील, म्हणून अडतंय कुठे ते नीट सांगते. गेल्या पावसाळ्यात पार्किंग अधिक चौदा मजल्यांच्या एका इमारतीचं ईटॅब्स (इमारतीचं गणित करणारं सॉफ्टवेअर) मॉडेल माझ्याकडे होतं. लिफ्ट आणि जिना आर्किटेक्टने एका टोकाला ढकललेला. रन केलं तर पहिलाच मोड (इमारत हलण्याची तऱ्हा) टॉर्शनचा, म्हणजे अख्खी इमारत उभ्या आसाभोवती पिळवटते. सर आले, स्क्रीनकडे बघितलं आणि पलीकडच्या टोकाचे दोन कॉलम लांब करून भिंतीसारखे करायला सांगितले. थोडं कमी-जास्त केल्यावर टॉर्शन तिसऱ्या मोडला गेलं. ड्रॉइंग निघालं, साइटला गेलं. पण तेच कॉलम का, किती लांब, मॉडेल करायच्या आधी हे कागदावर ओळखता आलं असतं का, यातलं काहीही मला सांगता येणार नाही. डायनॅमिक बेस शिअर, म्हणजे इमारत हलते असं धरून काढलेला पायाशी येणारा भूकंपाचा जोर, साध्या सूत्राच्या स्टॅटिकपेक्षा कमी आला की स्केल करायचा (वाढवून घ्यायचा), मोडल मास (मोडमध्ये हलणारं वस्तुमान) ९० टक्के भरेपर्यंत मोड वाढवत न्यायचे, हे मी रोज करते. का, असं विचारलं की उत्तर मिळतं, "आयएस १८९३ मध्ये, भूकंपाच्या कोडमध्ये, दिलंय." सर चांगले आहेत, कामाच्या रेट्यात त्यांना शिकवायला सवड नसते हे मला कळतं. पण त्या इमारतीत माणसं राहायला जाणार आहेत आणि ड्रॉइंगवर "डिझाइन केले" समोर माझी आद्याक्षरं आहेत. ही गोष्ट मला झोपू देत नाही.

आता पैशाचं. एम.टेक.च्या प्रवेशाची गेट परीक्षा दिलेली आहे. स्कोअर आयआयटीचा नाही, पण राज्यातल्या एखाद्या चांगल्या सरकारी किंवा स्वायत्त कॉलेजात स्ट्रक्चर मिळावं इतका आहे. स्टायपेंड महिना १२,४००, दोन वर्षांचे होतात २ लाख ९७ हजार ६००. त्याच दोन वर्षांत पगार धरला तर ९ लाख १२ हजार. म्हणजे सहा लाखांच्या वर तूट, वर फी, हॉस्टेल आणि मेस. आमच्याच ऑफिसात एम.टेक. झालेला मुलगा आहे, त्याला माझ्यापेक्षा आठ हजार जास्त मिळतात. या हिशेबाने तूट भरून निघायला सहा-सात वर्षं लागतील.

दुसरा रस्ता अमेरिकेत एम.एस. कॉलेजातल्या दोन मैत्रिणी गेल्या. सगळं धरून ४० लाखांच्या घरात जातं. शेतजमीन तारण म्हणून बँक घेत नाही, त्यामुळे बाबांचा सांगलीतला प्लॉट ठेवावा लागेल. बाबा म्हणतात, दोन वर्षं बागेनं साथ दिली तर प्लॉटला हात लावायची वेळच येणार नाही. पण बाग मी लहानपणापासून बघतेय. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की डाऊनी रोग येतो, कूज होते, आणि औषधाचा खर्च मात्र तेवढाच होतो. त्या भरवशावर एवढं कर्ज घ्यायचं धाडस होत नाही.

तिसरा रस्ता, आहे तिथेच राहून एनपीटीईएलवरून, म्हणजे ऑनलाइन लेक्चर बघून, शिकायचं. सुरुवात केली होती. रात्री साडेनऊला रूमवर आल्यावर डोळे मिटतात.

स्वतः यातून गेलेल्यांनी सांगावं. पदवीने पगार किती वाढतो यापेक्षा, जे मला येत नाही ते तिथे खरंच शिकवतात का, हे मला जास्त हवं आहे.

सेंटरिंग:

तुझ्याएवढी मुलगी आहे मला, म्हणून अगं-तुगं करतो. पंचवीसहून जास्त वर्षं या धंद्यात आहे, स्वतःचं ऑफिस आहे, मुलाखती घेतो.

आधी तुझ्या इमारतीचं. भूकंपाचा जोर लागतो वस्तुमानाच्या मध्यावर, म्हणजे साधारण स्लॅबच्या मध्यावर. त्याला विरोध होतो तो ताठरपणाच्या मध्याभोवती. लिफ्टचा गाभा एका टोकाला म्हटल्यावर ताठरपणाचा मध्य तिकडे सरकला. दोन मध्यांत जे अंतर पडलं त्याने इमारत पिळवटते, आणि गाभ्यापासून सगळ्यात लांबचे कॉलम सगळ्यात जास्त सरकतात. तुमच्या सरांनी लांबच्या टोकाला भिंती दिल्या. त्याने मध्य परत आत आला, शिवाय दोन टोकांना दोन ताठर गोष्टी आल्या की पिळाला विरोध करायला हात मिळतो. पिळाचा ताठरपणा अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून तीच भिंत मध्ये दिलीस तर जवळजवळ फुकट जाते. कॉलमचे प्लॅनमधले एक्स-वाय घे, प्रत्येकाचा आय (छेदाचा वाकण्याला विरोध) काढ, त्या आयच्या वजनाने सरासरी काढ, म्हणजे ताठरपणाचा मध्य मिळतो. मजल्याचं एक कोष्टक आहे, अर्ध्या तासाचं काम. आर्किटेक्टचा प्लॅन हातात आल्या दिवशी हे केलंस तर "गाभा दोन मीटर आत घ्या" असं तेव्हाच सांगता येतं. सगळे फ्लॅट विकून झाल्यावर कोण ऐकतंय.

हे एवढं तुला एम.टेक.शिवाय समजलं. मग एम.टेक. कशाला? तुझ्या प्रश्नाचा हाच गाभा आहे असं मला वाटतं. एकेक कोडं असं सुटतं, पण पुढचं कोडं कुठे दडलंय ते दिसायला सलग अभ्यास लागतो. स्ट्रक्चरल डायनॅमिक्सचं एक सेमिस्टर नीट झालं, एका वस्तुमानाचं, मग दोन वस्तुमानांचं गणित हाताने सोडवलं, की मोड म्हणजे काय ते अंगात भिनतं. ९० टक्के का, तर उरलेल्या मोडमध्ये इतकं कमी वस्तुमान हलतं की जोरात फारसा फरक पडत नाही. स्केल का करायचा, तर मॉडेलमध्ये आपण विटांच्या भिंतींचा ताठरपणा धरत नाही, इमारत खऱ्यापेक्षा मऊ दिसते, पिरियड (एका हेलकाव्याचा वेळ) लांबतो आणि जोर कमी येतो. त्या खोट्या सवलतीला कोड लगाम घालतं. ही उत्तरं एकमेकांना जोडलेली आहेत. सुटी सुटी पाठ केली तर नव्या इमारतीत उपयोगी पडत नाहीत.

आता दुसरी बाजू. माझ्याकडे मुलाखतीला आलेल्याला मी कोरा कागद देतो. पोर्टल फ्रेम (दोन कॉलम, वर एक बीम), वरच्या टोकाला आडवा लोड, बेंडिंग मोमेंटचा (कुठे किती वाकतं त्याचा) आकार काढ. एम.टेक. झालेले कितीतरी जण तिथे अडतात. दोन वर्षं सॉफ्टवेअरच चालवलं, थीसिस म्हणजे "जी प्लस दहाचा (तळमजला अधिक दहा) भूकंपाच्या झोन तीन आणि झोन पाचमधला तुलनात्मक अभ्यास", झोन बदलून रन मारायचं आणि आलेख काढायचे. असल्या एम.टेक.साठी ३८ हजारांची नोकरी सोडू नकोस. ऑफिसात तू यापेक्षा जास्त शिकते आहेस.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत, हॉस्टेल, प्लेसमेंटचे बोर्ड बघू नकोस. डायनॅमिक्स आणि फायनाइट एलिमेंट (बांधकामाचे लहान तुकडे पाडून करायचं गणित) कोण शिकवतं ते विचार. गेल्या तीन-चार वर्षांचे थीसिसचे विषय ग्रंथालयात असतात, तिथे जाऊन चाळ. सांगली, कराड, पुणे, मुंबई, नागपूर, सगळीकडे हे एका दिवसात बघून होतं. आणि स्टायपेंड नसेल तर एम.टेक. करायचं नाही, हे माझं ठाम मत. फी भरून, पगार सोडून, गेटशिवायच्या सीटवर बसणं तुला परवडणारं नाही.

परवान्याचंही सांगतो, कारण बरेच जण त्यासाठी पीजी करतात. आपल्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला तीन वर्षांचा अनुभव लागतो, स्ट्रक्चरमध्ये पीजी असेल तर दोन. तुझी चार झाली. त्या कारणासाठी तुला पदवीची गरज उरली नाही.

माणदेशी:

रोखठोक सांगतो, राग मानू नका ताई. पैशाचा प्रश्न मोठा असेल तर गेटच्या स्कोअरवर सरकारी कंपन्या बी.ई.वालेच घेतात, त्याला एम.टेक. लागत नाही. ज्या वर्षीचा स्कोअर त्याच वर्षी अर्ज करावा लागतो बहुतेक ठिकाणी, तेवढं बघा. प्रवेशासाठी स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे एम.टेक.ची घाई नाही. मी साइटवर आहे, बिलिंग आणि प्लॅनिंग करतो. डिझाइनवाल्यांपेक्षा पगार बरा, पण तुमचा जीव डिझाइनमध्ये दिसतोय, तेव्हा साइटवर या असं म्हणणार नाही.

पूल_आणि_पाणी:

कृष्णाकाठ, तुझं वाचून राहवलं नाही. मी एम.टेक. तिशीत केलं, लग्नानंतर, मुलगा बालवाडीत असताना. राज्यातल्याच एका सरकारी कॉलेजात, स्टायपेंडवर.

सहा-सात वर्षांत तूट भरते हा तुझा हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गृहीत आहे. पदवीनंतर तू त्याच प्रकारच्या ऑफिसात, तेच पार्किंग अधिक चौदा मजल्यांचं काम करशील असं तू धरलंयस. तसं होणार असेल तर आठ हजारच वाढतील, कारण त्या कामाला मालक त्याहून जास्त देत नाही. पदवीची किंमत पुढे कोणत्या कामाचं दार उघडतं त्यावर ठरते. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल रात्री वाहून गेला. त्यानंतर जुन्या पुलांच्या तपासणीला जोर आला. माझा थीसिस कमानी पुलांच्या भार पेलण्याच्या क्षमतेवर होता. गाइड मॅडम दर महिन्याला एका खऱ्या पुलाखाली उभं करायच्या. कमानीचा दगड कुठे सुटलाय, चुना कुठे धुपलाय, पायाखालची माती नदीनं किती नेलीय, ते टॉर्च लावून बघायचं, टेपने मापायचं आणि मग त्यावर गणित करायचं. आज मी पुलांच्याच ऑफिसात आहे. हे काम बी.ई.वर मला कोणी दिलं नसतं, आणि दिलं असतं तरी झेपलं नसतं. इमारतीच्या डिझाइनमध्ये मला मिळायचे त्याच्या दुप्पट आज मिळतात, पण ते लगेच नाही झालं, तीन वर्षं गेली मध्ये.

म्हणून तू जाण्याआधी ठरव, उंच इमारती, पूल, जुन्या बांधकामांची दुरुस्ती की धरणं. पक्कं नाही तरी कल कुठे आहे तेवढं. आमच्या वर्गात ज्यांना दुसऱ्या सेमिस्टरला विषय सुचत नव्हता त्यांना गाइडने उरलेले विषय वाटले.

पैशाचं एक व्यवहारी सांगते. स्टायपेंड पहिल्या दिवसापासून हातात पडेल असं धरू नकोस. सुरुवातीच्या पाच-सहा महिन्यांचा मेस आणि हॉस्टेलचा खर्च बाजूला ठेवून जा. आणि सध्याच्या सरांशी बोलून ठेव. सुट्टीत किंवा संध्याकाळी काम केलं तर स्टायपेंडच्या नियमात बसतं का, हे कॉलेजला लेखी विचार, कारण पूर्णवेळ विद्यार्थ्याला ती अट असते.

घरचे लग्नाचं म्हणत असतील. तू लिहिलं नाहीस, पण २६ म्हटल्यावर मी ओळखलं. त्यावर एवढंच, मुलं झाल्यावर शिकता येतं, मी शिकले, पण सासूबाई घरी नसत्या तर एक सेमिस्टरसुद्धा निघालं नसतं. आत्ता जितकं सोपं आहे तितकं नंतर नाही.

मिडवेस्ट:

अमेरिकेची बाजू मी सांगतो. स्ट्रक्चरमध्ये इथे एम.एस. केलं, पुलांच्या डिझाइनमध्ये आहे. शिक्षण उत्तम मिळालं. प्रयोगशाळेत खऱ्या मापाचे बीम मोडताना बघितले, त्याचा परिणाम आजही माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर आहे. त्यामुळे शिकण्यासाठी येऊ नकोस असं कधीच म्हणणार नाही.

पण प्लॉट ठेवून येऊ नकोस. ४० लाख, ११ टक्के, दहा वर्षं धरली तर हप्ता महिना ५५ हजारांच्या आसपास बसतो, आणि शिकत असतानाचं व्याज चढतं ते वेगळं. इथे नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. परत यावं लागलं तर पुण्यातल्या पगारात तो फिटत नाही. सगळा प्रश्न नोकरी टिकण्याचा आहे. शिक्षणानंतर ओपीटीचं, म्हणजे काम करायच्या मुभेचं, एक वर्ष आणि स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांची) वाढीव दोन वर्षं अशी तीन मिळतात. तेवढ्यात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत लागली पाहिजे. वर्षाला ८५ हजार जागा, त्यातल्या २० हजार इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी आली. इथेच शिकून व्हिसाचं स्टेटस बदलणाऱ्यांना ती लागू नाही असा खुलासा पुढच्या महिन्यात झाला, पण नियम इतके हलत असताना लहान कंपन्या बिचकतात. आणि स्ट्रक्चरल फर्म बहुतेक लहानच असतात. सॉफ्टवेअरवाल्यांच्या गोष्टी ऐकून सिव्हिलचा अंदाज बांधू नये. शिवाय इथे ड्रॉइंगवर सही करायला पीई हा इंजिनिअरचा परवाना लागतो. आधी एफई परीक्षा, मग साधारण चार वर्षांचा अनुभव, त्यात एम.एस.चं एक वर्ष बऱ्याच राज्यांत धरतात.

परदेश हवाच असेल तर जर्मनी बघ. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये बाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहे, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता लावली. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (अडकवून ठेवलेल्या खात्यात) दाखवावे लागतात, ते महिन्याच्या महिन्याला तुझेच तुला मिळतात. पण सिव्हिलची नोकरी जर्मन भाषेशिवाय कठीण आहे, कोड आणि साइट दोन्ही जर्मनमध्ये. बी-२ पातळीपर्यंत भाषा करायची तयारी हवी.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. सेंटरिंग काका, काल जेवणाच्या सुट्टीत ते कोष्टक केलं. दोन मध्यांमधलं अंतर इमारतीच्या लांबीच्या जवळजवळ पाव निघालं. नंतर भिंती धरून परत केलं तर निम्म्याहून कमी झालं. सरांना दाखवलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बराच वेळ बसले, आता नव्या प्लॅनचं आधी हे करून आण म्हणाले.

अमेरिकेचा विचार मी सोडला. प्लॉट धाकट्या भावाचाही आहे. त्याचं अजून शिक्षण व्हायचंय आणि तो बोलत नसला तरी त्याला हे दिसतंय.

ताई, कलाचं विचारलंत. आमच्या तालुक्यात शाळांच्या जुन्या दगडी खोल्या आहेत, वर नंतर कुणीतरी स्लॅब टाकलेले. किल्लारीत १९९३ ला दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या जड छपरांनीच माणसं गाडली गेली, हे शिकताना वाचलं तेव्हापासून या खोल्या नजरेतून जात नाहीत. कोयना आमच्यापासून लांब नाही. अशा बांधकामांचं मजबुतीकरण, हे मला करायचंय. पण यात पोट भरेल का? आणि कॉलेजच्या लोकांना जाऊन नेमकं काय विचारू?

पूल_आणि_पाणी:

भरेल, पण एकट्या शाळांवर नाही. मजबुतीकरणाचं काम जुन्या सोसायट्या, कारखाने, पाण्याच्या टाक्या, पूल असं मिळून येतं. हॅमर, अल्ट्रासाउंड (काँक्रीट किती चांगलं आहे ते बघायला), हाफ-सेल (आतली सळई गंजतेय का ते बघायला) या चाचण्या हाताळलेला आणि डायनॅमिक्स येणारा असा एकच माणूस फार कमी मिळतो. बहुतेकांना यातलं एकच येतं.

सेंटरिंग:

कोष्टक केलंस, छान वाटलं. आता मी कॉलेजला जायच्या बाजूने आहे, स्टायपेंडवर, राज्यातच.

विभागप्रमुखांना भेटण्याआधी, दगडी बांधकामावर कोणी काम केलंय ते थीसिसच्या यादीतून शोध आणि थेट त्यांनाच भेट. "मला शाळांच्या खोल्यांच्या मजबुतीकरणावर काम करायचंय, चार वर्षांचा अनुभव आहे, तुम्ही गाइड व्हाल का" असं विचार. जे प्राध्यापक लगेच हो म्हणतात त्यांना पुढचं विचार, प्रयोगशाळेत दगडी भिंतीचा नमुना बांधून आडवा लोड देता येतो का. उत्तर देताना ते उठून तुला प्रयोगशाळा दाखवायला निघाले तर तिथेच प्रवेश घे. "सॉफ्टवेअरमध्ये करू" म्हणाले तर दुसरं कॉलेज बघ.

प्रवेशाच्या फेऱ्या होईपर्यंत नोकरी सोडू नको. रात्री व्हिडिओ बघायचा नाद सोड, दमलेल्या डोळ्यांना ते जमत नाही. सकाळी ऑफिसच्या आधी पाऊण तास मॅट्रिक्स आणि दुसऱ्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन, वही-पेन्सिलवर. आयगेन व्हॅल्यू (जिच्यातून मोड निघतात) हाताने काढता आली पाहिजे, दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सची, मग तीन बाय तीनच्या. पहिल्या सेमिस्टरला वर्ग इथेच मागे पडतो. आणि पुण्यात आहेस तोवर एखाद्या शनिवारी ऑफिसला ये, गेल्या वर्षी आम्ही एका जुन्या वाड्याचं मजबुतीकरण केलं, त्याची ड्रॉइंग आणि चाचण्यांचे कागद बसून दाखवतो. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवला आहे.